बूच उडवणाऱ्यांनो, आधी चव घ्या

जालन्यात आता कुठलाही मोठा समारंभ त्या बाटलीशिवाय पुरा होत नाही. नवी रोलिंग मिल सुरू झाली, कुणाच्या पोरीचं रिसेप्शन आहे, कुणा पुढाऱ्याचा पन्नासावा वाढदिवस आहे, की स्टेजवर स्पार्कलिंग वाईनची बाटली येते. कुणीतरी ती दोन्ही हातांनी घुसळतो. बूच मंडपाच्या कापडावर आदळतं, फेस पाहुण्यांच्या अंगावर उडतो, डीजेवाला आवाज वाढवतो, फोटो निघतात. मग ती अर्धी रिकामी बाटली टेबलाच्या कडेला कोमट होत पडून राहते आणि मंडळी आपापल्या व्हिस्कीकडे वळतात. आत काय होतं, कुठल्या द्राक्षाचं होतं, किती महिने अंधारात पडून होतं, चवीला कसं होतं, हे त्या मंडपात एकही माणूस विचारत नाही. मला याची चीड येते.

आयुष्यभर मी याच जिल्ह्यात पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या नात्यागोत्यात द्राक्षबागायतदार आहेत. त्यामुळे त्या स्टेजवर उडणारा फेस मला दोन्ही अंगांनी लागतो. त्यात काय रसायन आहे ते मला माहीत आहे, आणि त्यामागच्या बागेला पाणी कसं मिळतं तेही माहीत आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ जालन्यात कुणी विसरलेलं नाही. मोसंबीच्या पंधरा-पंधरा वर्षांच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि त्यांचं जळण झालं. शहरात नळाचं पाणी म्हणजे सणच झाला होता. त्याच वर्षी जालना तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षाचे वेल हिरवे होते, कारण तिथे १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं होतं. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साह्य मंडळानं आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती उभी केली, लोकांनी शेततळी खोदली, त्यात प्लास्टिक अंथरलं आणि पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्याच्या खरड छाटणीपर्यंत पुरवलं. नंदापूर, धारकल्याण या शेजारच्या गावांनी ते पाहून उचललं. या जिल्ह्यात द्राक्षाचा एक घड म्हणजे माणसानं मोजून मापून साठवलेलं पाणी आहे. शॅम्पेन प्रांताच्या नियमानं ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटर रस काढायचा असतो, म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीला जवळजवळ १.२ किलो द्राक्ष लागतं. बाटली कुठल्याही प्रांतातली असो, एवढं द्राक्ष कुणाच्या तरी पाण्यावर पिकलेलं असतं. ते पाहुण्यांच्या सफारीवर उडवायला तुम्हाला लाज वाटत नाही?

ही उडवाउडवी आपल्याकडे टीव्हीवरून आली. १९६७ साली ल मांच्या चोवीस तासांच्या मोटारशर्यतीत अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नी जिंकला आणि हातातली बाटली त्यानं समोरच्या गर्दीवर शिंपडली. तिथून ती मोटारशर्यतींची रीत झाली आणि क्रिकेटच्या करंडकांपर्यंत पोचली. गर्नीनं आणि त्याच्या जोडीदारानं मिळून चोवीस तास मोटार हाकली होती, त्याचा उन्माद मी समजू शकतो. आपल्या मंडपात कुणी काय जिंकलेलं असतं?

आता त्या बाटलीत काय असतं ते सांगतो, कारण इतक्या वर्षांत एकाही इव्हेंटवाल्यानं ते विचारलेलं नाही.

द्राक्ष आधी आंबट असतानाच तोडावं लागतं. खाण्याच्या द्राक्षाला गोडी भरेपर्यंत थांबतात; या वाईनला साखर १८-१९ ब्रिक्सच्या आसपास असतानाच, आम्ल अजून धारदार असताना घड उतरवतात. नाशिककडे म्हणूनच स्पार्कलिंगची द्राक्षं हंगामात सगळ्यांच्या आधी तुटतात, पहाटेच्या गारव्यात आणि हातानं. त्याची आधी साधी, कोरडी, तोंड आंबवणारी वाईन होते. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून झाकण लावतात. बंद बाटलीत यीस्ट ती साखर खातं, अल्कोहोल एक-सव्वा टक्क्यानं वाढतं, आणि जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्याला बाहेर जायला वाट नसते. तो वाईनमध्ये विरघळतो. आतला दाब सहा बारपर्यंत जातो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-अडीचपट. एका बाटलीत जवळजवळ नऊ ग्रॅम वायू विरघळलेला असतो. मोकळा सोडला तर तो पाच लिटर जागा व्यापेल.

इथवरचं काम काही आठवड्यांत होतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि तिला घाई चालत नाही. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं. मेलेल्या पेशी हळूहळू स्वतःच्याच विकरांनी विरघळू लागतात. त्यातून अमिनो आम्लं सुटतात, पेशीभिंतीतली मॅनोप्रोटीन्स सुटतात. भाजलेल्या पावाच्या कडेचा, भिजवून सोललेल्या बदामाचा जो वास चांगल्या बाटलीला येतो त्याचं मूळ या मेलेल्या यीस्टमध्ये आहे. जिभेवर जो साईसारखा मऊपणा येतो त्याचंही तेच. शॅम्पेनमध्ये साध्या बाटलीलासुद्धा बाजारात यायच्या आधी पंधरा महिने थांबावं लागतं, त्यातले बारा गाळावर. सालाचं नाव लावायचं असेल तर तीन वर्षं. मग बाटली थोडी थोडी फिरवत, तिरपी करत उलटी करायची, गाळ तोंडाशी आणायचा, तोंड गोठवायचं, झाकण काढून गाळाचा गोळा उडवून द्यायचा, कमी झालेली वाईन आणि चवीपुरती साखर भरायची, आणि मग ते बूच आणि ती तार. ब्रूट लिहिलेल्या बाटलीत लिटरला बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. आणि आपल्या मंडपातला बहाद्दर एवढा सगळा खटाटोप वीस सेकंदांत हलवून सांडतो.

नीट उघडायची असेल तर बाटली आठ-दहा अंशांपर्यंत गार हवी. जालन्याच्या मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या मंडपात ठेवलेली बाटली गार नसते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. वायू गार द्रवात जास्त विरघळतो, गरम झाला की सुटायला बघतो. बूच घट्ट धरायचं, बाटली फिरवायची, आणि बूच हळूच सुस्कारा टाकून यायला हवं. आवाज जितका मोठा तितका उघडणारा अडाणी. त्या बुचानं माणसांचे डोळे गेलेले आहेत, ही नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेली गोष्ट आहे. ग्लास तिरपा धरून त्याच्या भिंतीवरून ओतायची. फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेअर यांनी आयुष्य या बुडबुड्यांवर घातलं आहे. त्यांच्या गटानं २०१० साली मोजून दाखवलं की उभ्या ग्लासात वरून ओतण्यापेक्षा तिरप्या ग्लासात ओतलं तर वायू जास्त टिकतो. शंभर मिलीच्या ग्लासात, शांतपणे राहू दिलं तर, दहा लाखांच्या घरात बुडबुडे उठतात असा त्यांचाच हिशेब आहे.

हे बुडबुडे कुठून उठतात, हे मी पोरांना विचारायचो तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. विरघळलेल्या वायूला आपला आपण बुडबुडा होता येत नाही. त्याला आधीपासून अडकलेली हवेची बारीकशी पोकळी लागते. ती पोकळी बहुतेक वेळा ग्लास पुसलेल्या कापडाच्या किंवा हवेतून आलेल्या धुळीच्या एखाद्या सूक्ष्म तंतूत असते. तंतूच्या पोकळीत वायू शिरतो, फुगतो, तुटतो, वर जातो, मागून दुसरा. वर जाताना आजूबाजूचा वायू ओढून घेत तो मोठा होतो आणि मोठा होईल तसा वेगानं धावतो. काच अगदी निर्जंतुक, निर्धूळ असेल तर त्यात बुडबुडा उठणारच नाही. आणि काचेला साबणाचा अंश राहिला तर वरचा फेस क्षणात मरतो. आमच्या हॉटेलांत ग्लास एकाच बादलीतल्या साबणाच्या पाण्यातून काढून फडक्यानं पुसतात. म्हणजे बुडबुड्याला जन्म द्यायचा तंतूही तिथलाच, आणि फेसाचा जीव घेणारा साबणही तिथलाच. बिल मात्र परदेशी बाटलीच्या दरानं.

त्या बुडबुड्यांच्या सरळ ओळीवर २०२३ साली एक शोधनिबंध आला. सोड्यातले बुडबुडे वर येताना इकडेतिकडे फाकतात, स्पार्कलिंगमधले एकामागे एक सरळ रेषेत चढतात. कारण वाईनमधली प्रथिनं आणि वास देणारे काही रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर साबणासारखे चिकटतात आणि त्याच्या मागचा प्रवाह सावरून धरतात. तोच पृष्ठभाग वर येऊन फुटतो तेव्हा बारीक तुषार हवेत उडतात. २००९ मध्ये त्या तुषारांचं पृथक्करण झालं तेव्हा दिसलं की ग्लासातल्या द्रवापेक्षा त्यांत वासाचे रेणू अधिक दाट आहेत. म्हणजे प्रत्येक फुटणारा बुडबुडा नाकाकडे वास फेकतो. हे समजून घेतल्यावर ग्लास नाकाशी न नेता बाटली रिकामी करणारा माणूस मला आंधळ्यासारखा वाटतो.

नाकाशी नेतानाही घाई नको. ओतल्या ओतल्या नाक घातलं तर वर साचलेला कार्बन डायऑक्साइड सुईसारखा टोचतो आणि वास कळत नाही. उंच चिंचोळ्या ग्लासात हा वायू तोंडाशी जास्त दाटतो, म्हणून मधे फुगीर आणि वर निमुळता ग्लास बरा. जिभेवरचा प्रकार त्याहून गमतीचा आहे. आपल्याला वाटतं बुडबुडे फुटतात म्हणून झिणझिणतं. तसं नाही. २०१३ मध्ये माणसांना वाढीव दाबाच्या खोलीत बसवून कार्बोनेटेड पाणी दिलं. त्या दाबात बुडबुडे उठूच शकत नव्हते, तरी जीभ तेवढीच चावली. ती चावणूक आम्लाची आहे. तोंडात कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते वेदनेच्या मज्जातंतूंना डिवचतं, ज्यांना मिरची आणि मोहरी कळते त्याच जातीच्या. शिवाय २००९ साली उंदरांवर दाखवलं गेलं की आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर असतं, त्याच्यामुळे हा वायू आंबटासारखा चवीलाही लागतो. वेदना, आंबट आणि वास, तिन्ही एकदम. रस्त्यावरच्या गोळी सोड्यानंही जीभ अशीच चावते. पण सोडा गिळला की मागे काही उरत नाही, आणि चांगली स्पार्कलिंग गिळल्यावर आंबटाच्या मागून पावाचा, लिंबाच्या सालीचा, कधी कच्च्या कैरीचा वास नाकातून परत येतो. तो कितीतरी वेळ राहतो. तो ओळखता येणं ही विद्या आहे आणि ती कुणालाही येते; पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

आता जाणकारांविषयी. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत सूट घालून उभे असलेले काही लोक तुम्हाला सांगतील की बुडबुडे जितके बारीक तितकी वाईन उंची. अर्धवट ज्ञान. बुडबुड्याचा आकार ग्लासाच्या उंचीवर, तंतूवर, उरलेल्या वायूवर ठरतो. हेच लोक सांगतील की उघड्या बाटलीत चांदीचा चमचा ठेवला की वायू टिकतो. काही टिकत नाही, तपासून झालं आहे. डॉम पेरिन्यॉन या साधूनं ही वाईन शोधली असंही सांगतील. तो १६६८ मध्ये ओव्हिलेरच्या मठात आला. त्याच्या सहा वर्षं आधी इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मेरेट यानं रॉयल सोसायटीपुढे साखर घालून वाईन फसफसती कशी करतात हे वाचून दाखवलं होतं. साधू बिचारा बाटल्या फुटू नयेत म्हणून बुडबुडे टाळायला धडपडत होता. ज्यांचा धंदाच चव सांगण्याचा, त्यांनी दंतकथा विकाव्यात, याचा मला नुसत्या अडाण्यापेक्षा जास्त राग येतो.

आणि सगळ्यात स्वस्त फसवणूक म्हणजे साध्या, गोड, पांचट वाईनमध्ये सिलिंडर लावून वायू भरायचा, बाटली जाड, बूच जाड, तार सोनेरी, आणि नाव फ्रेंच वळणाचं. टाकीत दुसऱ्यांदा आंबवून केलेली वाईन वेगळी. तिला मी नावं ठेवत नाही. मार्टिनोत्तीनं १८९५ मध्ये ती पद्धत काढली, शार्मानं १९०७ मध्ये सुधारली, आणि फळांचा ताजा वास हवा असेल तर ती पद्धतच योग्य आहे. सिलिंडरनं भरलेल्या वायूला मात्र ना यीस्टचा वास ना गाळाचा मऊपणा. घोट घेतल्या घेतल्या जीभ चावते, तोंडात साखर राहते, संपलं. चव न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कळत नाही, म्हणून ते खपतं. मंडपात घुसळून उडवायला तर तेच पुरतं.

पण गिऱ्हाईक फसतं ती गोष्ट लहान. या अडाणीपणाची खरी किंमत शेतकरी मोजतो.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि महिनाभर महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. सत्तेतले म्हणाले, हे द्राक्ष उत्पादकांसाठी आहे, आणि वर, वाईन म्हणजे दारू नव्हे. विरोधातले म्हणाले, महाराष्ट्र बुडाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय पुढे बासनात गेला. त्या महिन्यात मी जेवढी भाषणं ऐकली त्यांत एकाही वक्त्यानं द्राक्षाच्या जातीचं नाव घेतलं नाही.

वाईन दारू आहे. तिच्यात बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आहे, आणि अल्कोहोल कॅन्सरला कारण होतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९८८ मध्येच पहिल्या गटात नोंदवून ठेवलं आहे. बुडबुड्यांमुळे सुरुवातीला ते रक्तात जास्त लवकर चढतं, हे २००३ च्या एका छोट्या ब्रिटिश प्रयोगात दिसलं. ज्या बायकांनी आपल्या गावात मतदान घडवून बाटली आडवी केली, त्यांच्यासमोर उभं राहून वाईन दारू नाही असं म्हणणाऱ्याला मी खोटारडा म्हणेन. मी स्वतः घेतो, थोडी घेतो, आणि काय घेतो ते माहीत असून घेतो. घ्यायचीच नसेल त्यानं घेऊ नये. पण घेणाऱ्यानं आणि न घेणाऱ्यानंही द्राक्षाच्या नावानं खोटं बोलू नये.

द्राक्षाच्या नावानं खोटं काय बोललं गेलं, ते कडवंचीच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. त्याच्या बागेत थॉमसन आहे, सोनाका आहे, माणिकचमन आहे, खाण्याच्या जाती. ऑक्टोबरची छाटणी, जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) बुडवण्या, मणी लांब आणि फुगीर, साल पातळ, गोडी भरपूर, आम्ल कमी, वास जवळजवळ नाही. एकरी दहा टनांच्या आसपास माल काढतो तेव्हा त्याचा खर्च निघतो. थॉमसनची वाईन होत नाही असं नाही. कॅलिफोर्नियात स्वस्त वाईनमध्ये ती वर्षानुवर्षं मिसळली गेली. पण स्पार्कलिंगला लागतं ते धारदार आम्ल आणि स्वतःचा वास त्यात नाही. त्याला शेनँ ब्लाँ, शार्दोने, पिनो न्वार लागते. २०१३ साली मोएत हेनेसीनं दिंडोरीला शाँदों ही वाईनरी सुरू केली ती याच जातींवर, शेतकऱ्यांशी करार करून. या जातींचा उतारा मुद्दाम निम्म्यावर धरतात. वेलावर जास्त माल ठेवला की रस पातळ होतो. म्हणजे जालन्याच्या बागायतदारानं उद्या वाईनकडे वळायचं ठरवलं, तर आधी वेल उपटायचे, नवी कलमं करायची, निम्मा माल काढायचा आणि एकाच खरेदीदाराच्या दारात उभं राहायचं. थॉमसन पडेल भावात गेलं तर बेदाणा करता येतो, रस्त्यावर पाटी ठेवून विकता येतं. शेनँ ब्लाँचे आंबट, बियांचे बारके मणी कोण पाटीतून घेणार आहे?

हे काही भाकीत नाही, घडून गेलेलं आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इंडेज ही वाईनरी उभी केली, फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकची तांत्रिक मदत घेतली, आणि ओमर खय्याम नावाची स्पार्कलिंग वाईन परदेशी बाजारात नेली. महाराष्ट्राच्या मातीत बाटलीतला बुडबुडा निघतो हे त्यांनी सगळ्यांच्या आधी सिद्ध केलं आणि त्याबद्दल मी त्यांना मनापासून मानतो. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क काढले, आणि शेतकऱ्यांना सांगितलं, लावा. त्यांनी लावलं. २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, वाईनरींनी द्राक्ष घेणं थांबवलं. इंडेज कर्जात बुडाली. नाशिक भागात बागायतदारांनी वाईनचे वेल मुळापासून उपटले. तेव्हा ‘लावा’ म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही पगारातून पै कापली गेली नाही.

आणि हे जालन्यात समजावून सांगावं लागावं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. हे बियाण्यांचं गाव आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली. वाणात पीक असतं, हे या गावानं देशाला शिकवलं आणि त्यावर जागतिक अन्न पुरस्कार १९९८ मध्ये इथे आला. कपाशीचं पाकीट घेताना इथला शेतकरी वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, सगळं वाचतो. तोच शेतकरी स्टेजवरून ‘द्राक्षाची वाईन’ ऐकतो आणि कुठल्या द्राक्षाची हे विचारत नाही, कारण त्याला ती चव कुणी कधी दाखवलेलीच नाही. ज्या मालाची चव माहीत नाही त्याचा भाव माणूस कसा मागणार?

शॅम्पेनच्या शेतकऱ्यांनी तो मागितला. तिथले व्यापारी लांबून, लुआर खोऱ्यातून आणि दक्षिणेतून स्वस्त द्राक्ष आणून त्यावर शॅम्पेनचं नाव लावत होते आणि स्थानिक बागायतदाराला भाव पाडून देत होते. १९११ च्या जानेवारीत ओव्हिलेरच्या परिसरात आणि एप्रिलमध्ये एपर्नेजवळच्या आय या गावात शेतकऱ्यांनी तळघरं फोडली, पिंपं रस्त्यावर ओतली, सैन्य बोलवावं लागलं. मी तोडफोडीचं समर्थन करत नाही. पण त्यातून प्रदेशाची हद्द १९२७ मध्ये कायद्यानं आखली गेली, आणि १९४१ पासून तिथे एका समितीत बागायतदार आणि वाईनवाले एकाच टेबलावर बसतात. एकरी माल किती, हे ती समिती ठरवते. आपल्याला त्या बाटलीची चमक तेवढी दिसली. ती चमक शेतकऱ्यानं कशी आपल्या ताब्यात ठेवली हे बघायची गरज कुणाला वाटली नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात फळ घेताना ते खरंच जालन्याचं का, याची चौकशी तुम्ही कुणी करता?

म्हणून मी जे मागतो ते रोख मागतो. बदनापूरला कृषी महाविद्यालय आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. या तिघांनी मिळून जालना तालुक्यात चार-दोन गुंठ्यांवर शेनँ ब्लाँ लावावी आणि पाच हंगाम तिची आम्लता मोजावी. इथली उन्हं वेलावरचं मॅलिक आम्ल जाळून टाकतात, रात्री नाशिकइतक्या गार नसतात. कदाचित उत्तर येईल की इथे स्पार्कलिंग करू नका. ते उत्तर आकड्यांत लिहून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, म्हणजे पुढच्या वेळी स्टेजवरून ‘लावा’ म्हणणाऱ्याला ते दाखवता येईल. आणि ज्यांना वाईन नको त्यांच्यासाठी दाबाखालचा मोसंबीचा रस करून बघा. मोसंबीचा रस ठेवला की लिमोनिनमुळे कडू होतो; तो कडवटपणा वायूच्या आंबटाखाली किती लपतो, किती वर येतो, हे तपासायला परवाना लागत नाही.

कॉलेजच्या पोरांना चव घ्यायला शिकवा. दारू नको; लिंबू, चिंच, सोडा, मोसंबी, आंबवलेलं पीठ, जळका पाव, साबणाच्या आणि स्वच्छ ग्लासातला एकच सोडा. डोळे बांधून ओळखायला लावा. शेतकऱ्याच्या पोरीला आम्ल आणि साखर जिभेवर वेगळी करता आली, तर ती बागेत घड चाखून व्यापाऱ्याला तोंडावर सांगेल की माल तयार आहे का नाही.

बाटलीच्या लेबलवर तीन ओळी ठळक हव्यात: वायू बाटलीत आंबून आला, टाकीत आला की सिलिंडरनं भरला, वाईन गाळावर किती महिने होती, आणि गाळ कुठल्या महिन्यात काढला. उत्पादन शुल्क खात्याला महसुलाचा शिक्का बाटलीवर नेमका कुठे लावायचा हे कळतं, तर या तीन ओळी छापून घेणं त्यांना जड नाही. चांगली वाईन करणारे याला नाही म्हणणार नाहीत. नाही म्हणतील ते कोण, हे त्याच दिवशी कळेल.

आणि पुढच्या रिसेप्शनला बाटली हलवायला निघालेल्या यजमानाला मी स्टेजवर जाऊन थांबवणार आहे. त्याला वाईट वाटलं तर वाटू दे. बाटली बर्फात घाल, दोन ग्लास नुसत्या गरम पाण्यानं धुऊन आण, आणि ज्या पाहुण्यांच्या बागा आहेत त्यांना आधी दे, एवढंच मी त्याला सांगेन.